रात्री दहाला स्टेशन ते घर: डोंबिवलीत भाड्याची जागा शोधताना

गेल्या वर्षी १० मार्चला बदलीचं पत्र हातात पडलं. सांगलीहून घाटकोपरच्या ऑफिसात, २ जूनला हजर व्हायचं. घरात आम्ही तिघी: मी, ६६ वर्षांची आई आणि तिसरीत जाणारी मुलगी. नवऱ्यापासून मी वेगळी राहते. मुंबईत नातेवाईक म्हणावं अशी एकच, कल्याणची मामेबहीण. तिच्याकडे मुक्काम टाकून मार्च ते मे या काळात मी सात फेऱ्या मारल्या आणि शेवटी डोंबिवली पश्चिमेला घर मिळालं. त्या दिवसांत कोणीतरी सगळं क्रमाने लिहून ठेवलेलं वाचायला मिळावं असं फार वाटायचं, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच आईने आणि मी वहीत चार गोष्टी लिहिल्या. भाडं १५ हजारांच्या आत. आईचे गुडघे दुखतात, म्हणून लिफ्ट किंवा पहिला मजला. शाळा चालत जाण्याजोगी. आणि ऑफिसला उशीर झाला तर रात्री स्टेशनवरून घरी यायला भीती वाटणार नाही असा रस्ता. चौथी गोष्ट आईने लिहायला लावली होती. तपासायला सगळ्यात अवघड तीच निघाली, कारण ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते.

पहिली फेरी १५ मार्चला, ठाण्याची. सकाळी तीन जागा पाहिल्या. घोडबंदर रोडच्या बाजूला वन बीएचकेला २४ हजार भाडं आणि लाखभर डिपॉझिट. तो विषय दुपारपर्यंत संपला.

संध्याकाळी ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनला गेले. तिथे वन बीएचके ८ हजारांत मिळत होतं आणि स्टेशन पाच मिनिटांवर. मन लगेच हिशोब करायला लागलं, महिन्याला ७ हजार वाचतील. पण खाली बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या. ब्रोकरला पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "ताई, पाणी येतं की, फक्त वेळ नक्की नसते." करारनाम्याचं विचारल्यावर म्हणाला, "रजिस्ट्रेशन कशाला? पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू." मालक कोण, इमारतीचे कागद कुठे आहेत, याचं उत्तर मिळालं नाही. दिव्यात चांगल्या सोसायट्याही आहेत, तिथे राहणाऱ्या दोन सहकारी आज माझ्या ऑफिसात आहेत. मला दाखवलेली ती जागा मात्र मी सोडली.

नोटरीचं थोडं सविस्तर सांगते, कारण हे बहुतेक सगळीकडे ऐकायला मिळतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने देण्याचा नेहमीचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे नोंदणी मालकाच्याही फायद्याचीच आहे. हे शांतपणे सांगितलं की अर्धे मालक तयार होतात.

दुसरी फेरी २२ मार्चला, बदलापूर. हवा छान, इमारती नव्या, ९ हजारांत लिफ्ट असलेलं घर. आईला फोटो पाठवले, तिला फार आवडलं. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर, घाटकोपरला पोचायला लोकलमध्ये तासाहून जास्त. तेही मी मान्य केलं असतं. पण ती सोसायटी पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला होती. पार्किंगमध्ये उभी असताना कंपाउंडच्या भिंतीकडे लक्ष गेलं. साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर मातकट रेघ होती, तिच्यावरचा रंग पिवळा आणि खालचा मळका. सांगलीच्या माणसाला ही रेघ सांगावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं, आणि भिंत तीनदा रंगवूनही ती रेघ पुन्हा वर येते. वॉचमनकाकांना विचारलं तर त्यांनी काही लपवलं नाही. "२००५ च्या २६ जुलैला आलं होतं, मग २०१९ ला आलं, २०२१ ला आलं." २७ जुलै २०१९ ला आमच्याच भागाकडे येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, तो हाच पट्टा. आई पुन्हा एकदा पुराला तोंड देणार नाही, हे मी तिथेच ठरवलं. बदलापुरात नदीपासून लांबच्या, उंचावरच्या वस्त्या आहेत आणि ज्यांची नोकरी कल्याण-अंबरनाथच्या बाजूला आहे त्यांनी त्या जरूर बघाव्यात. फक्त कुठेही गेलात तरी तळमजल्याची भिंत, मीटरची पेटी जमिनीपासून किती वर बसवली आहे ते, आणि पार्किंगच्या खांबांचे कोपरे नीट बघा. पाणी येणाऱ्या ठिकाणी मीटर वर चढवलेले असतात.

३० मार्चला गुढीपाडवा होता आणि बहीण म्हणाली, "आज जागा-बिगा काही बघायची नाही, आज फडके रोड." डोंबिवलीची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये सुरू झाली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. ढोलताशे, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, रांगोळ्या, लेझीम. माझी मुलगी माझ्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. त्याच गर्दीत तिने विचारलं, "आई, आपण इथेच राहूया?" मलाही तसंच वाटत होतं. पण सणाच्या दिवशी कुठलंही गाव सुंदर दिसतं, म्हणून साध्या वारी परत यायचं ठरवलं.

एप्रिलचा पहिला आठवडा वाया गेला आणि पैसेही गेले. कल्याण पूर्वेला एका एजंटने १२ हजारांचं घर दाखवलं, "संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय" म्हणाला आणि मी घाबरून २ हजार टोकन यूपीआयने पाठवलं. दोन दिवसांनी कळवलं, मालकाने जागा दुसऱ्याला दिली. टोकन आजतागायत परत आलेलं नाही. त्या रात्री बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून मी रडले. रक्कम मोठी नव्हती, पण मला काही जमणार नाही असं वाटायला लागलं होतं. त्यानंतर नियम केला: मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय, आणि इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती, लाइट बिल यांवरचं नाव आधार कार्डाशी जुळल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

१२ एप्रिलपासून डोंबिवली नीट पाहिली. पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी विभागात मोठी झाडं आहेत, रुंद रस्ते आहेत, आणि भाडं माझ्या आवाक्यात होतं. दुपारी मात्र वाऱ्याबरोबर रसायनांचा उग्र वास आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "सवय होते हो." २३ मे २०२४ ला तिथल्या रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात त्यांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या, त्याआधी २०१६ च्या मे महिन्यातही असाच स्फोट झाला होता. मुलीला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. मी आभार मानून निघाले.

मग एक नवी कोरी इमारत, सातवा मजला, लिफ्ट, १० हजार भाडं. इतकं स्वस्त का, हे कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी सांगितलं. मी बिस्किटाचा पुडा घेताना सहज विचारलं तर त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, ती ६५ मधली तर नाही ना, ते आधी बघा." महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी दाखवून महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे, नोंदवलेल्या ६५ इमारतींचं हे प्रकरण. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले होते. घर घेणाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली आहे, त्यांच्यापुढे भाडेकरूचं दुःख लहानच. पण भर शाळेच्या दिवसांत सामानासकट बाहेर पडण्याची वेळ भाडेकरूवरही येऊ शकते. मी ब्रोकरकडे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मागितलं, त्याने नंतर पाठवतो म्हटलं आणि पाठवलं नाही. जुन्या इमारतीचं वेगळं असतं. शेजारच्या ठाकुर्लीत जुलै २०१५ मध्ये इमारत कोसळून माणसं गेली होती, म्हणून तिथे धोकादायक इमारतींच्या यादीत नाव नाही ना, हे बघायचं. महापालिका ही यादी पावसाळ्याआधी काढते. इमारत ३० वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झालंय का, हे सेक्रेटरींना थेट विचारायचं. विचारायला संकोच वाटतो, पण कोणी रागावलं नाही.

रागावणं वेगळ्याच गोष्टीवर झालं. एका सोसायटीत सगळं जुळलं होतं. कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "आम्ही फक्त फॅमिलीला देतो." माझ्या शेजारी आई आणि मुलगी उभ्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "मग आम्ही कोण?" त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या प्रत्येक ठिकाणी फोनवरच ही माहिती आधी देऊन टाकायची असं ठरवलं. नकार ऐकायचाच असेल तर रिक्षाभाडं आणि आईचे जिने वाचवून ऐकावा.

डोंबिवली पश्चिमेला महात्मा फुले रोडच्या आतल्या बाजूची जागा १६ एप्रिलला पाहिली. १९९८ ची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, पण घर पहिल्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर, हॉल, छोटी गॅलरी. पाइप गॅस होता. पालिकेचं पाणी सकाळी ६ ते साडेसात, खाली टाकी, वर मोटर. मालकीणबाई ७२ वर्षांच्या, समोरच्याच विंगमध्ये राहतात. भाडं १५ हजार सांगितलं होतं. मी लगेच हो म्हटलं नाही. रात्री येऊन बघते म्हटलं, तर त्यांनी जरा चमकून पाहिलं आणि म्हणाल्या, "या की. बघूनच घ्यावं."

१७ एप्रिलला, गुरुवारी, मी मुद्दाम घाटकोपरहून रात्रीची फास्ट पकडली, लेडीज डब्यात. ठाणे सुटल्यावर डब्यात शेंगा सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका होत्या. निवडलेली भाजी एका पिशवीत, काड्या दुसऱ्या पिशवीत. डोंबिवलीला उतरले तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. पुलावरून पश्चिमेला उतरले आणि मोबाइलमध्ये नकाशा लावला. नकाशा सांगत होता, उजवीकडच्या गल्लीतून सात मिनिटं. मी गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि पाहत राहिले. माझ्या गाडीतून उतरलेल्या, त्याच बाजूला राहणाऱ्या दहा-बारा बायका गल्लीवरून पुढे गेल्या. एकही आत वळली नाही. दोन-तीन पुरुष वळले. सगळ्या बायका मोठ्या रस्त्याने, लांबच्या वाटेने चालल्या होत्या.

मी त्यांच्या मागून चालू लागले. मेडिकल उघडं होतं. पोळी-भाजी केंद्राचं शटर अर्धं खाली आलं होतं आणि आतली बाई उरलेल्या पोळ्या मोजत होती. एका दवाखान्याबाहेर बाकावर पेशंट बसले होते. रिक्षा स्टँडवर चारपाच रिक्षा. पुढच्या चौकात दिवा बंद होता, पण इस्त्रीवाल्याच्या ट्यूबलाइटचा उजेड रस्त्यावर पडत होता. घड्याळ लावून बघितलं, १३ मिनिटं लागली. इमारतीच्या फाटकापर्यंत माझ्या पुढे एक बाई होतीच. मी धीर करून विचारलं, "ताई, त्या गल्लीतून का येत नाही कोणी?" त्या म्हणाल्या, "अहो, तिथे गोडाऊनची भिंत आहे, दिवे कायम फुटलेले. दिवसा येतो आम्ही." दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं. लांबच लांब बंद भिंत, एकही दार किंवा खिडकी गल्लीकडे उघडत नव्हती. आवाज दिला तर ऐकायला कोणी नाही. आई जी चौथी ओळ लिहायला सांगत होती तिचा अर्थ मला त्या गल्लीत कळला. त्या जागेला मी हो म्हटलं ते १३ मिनिटांच्या रस्त्यावरून. घर तसं साधंच होतं, न्हाणीघराच्या फरशीला दोन तडे होते.

भाडं बोलून १४ हजारांवर आलं, डिपॉझिट ५० हजार, ११ महिन्यांसाठी, १५ मेपासून. करारात तीन गोष्टी आग्रहाने लिहून घेतल्या. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. आणि भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे जादा शुल्क लावते ते मालकाने भरायचं. हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. मालकीणकाकूंना तो माहीत नव्हता, त्यांचेच थोडे पैसे वाचले.

मुद्रांक शुल्काचा हिशोब समजून घ्या, म्हणजे एजंट सांगेल तो आकडा गप्प मान्य करावा लागत नाही. ११ महिन्यांचं भाडं १,५४,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचं व्याज मिळवायचं, ते ४,५८३. एकूण १,५८,५८३ वर पाव टक्का, म्हणजे ३९६, वर धरून ४००. नोंदणी फी शहरात १,०००, ऑनलाइन दस्त हाताळणीचे ३००. नोंदणीसाठी घरी यंत्र घेऊन येणाऱ्या मुलाने स्वतःचे १,२०० घेतले. पहिल्या फोनला त्याने सगळं मिळून ४,५०० सांगितले होते. मी आकडे मांडल्यावर २,९०० वर आला.

१० मे, शनिवार. तो मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन काकूंच्या हॉलमध्ये बसला. दोन साक्षीदार लागतात, माझी बहीण आणि काकूंच्या शेजारचे भावजी. सगळ्यांचं आधार, फोटो, अंगठा. माझा अंगठा पहिल्या फटक्यात उठला. काकूंचा उठेना. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, यंत्रावर प्रत्येक वेळी लाल दिवा. मुलाने काच पुसली, काकूंनी हात धुतले, कोरडे केले, पुन्हा ओल्या फडक्याने पुसले. पाऊण तास गेला. काकू हात उताणे करून बघत म्हणाल्या, "पन्नास वर्षं भांडी घासलीत बाई, रेघा राहणार कुठून?" माझ्या आईने नकळत स्वतःचे हात पाहिले. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. हिरवा दिवा लागला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काकूंनी आत जाऊन पन्हं आणलं. मालक वयस्कर असतील तर ही वेळ हातात ठेवा, आणि आधारला जोडलेला मोबाइल कोणाकडे आहे तेही आदल्या दिवशी विचारा.

तीन दिवसांत नोंदणी झालेला करार मोबाइलवर आला. त्याची प्रत जोडून भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवली, विष्णुनगर पोलीस ठाण्याच्या हद्दीसाठी. शाळेत, गॅसच्या नावबदलाला, बँकेत पत्ता बदलायला, सगळीकडे हाच करार लागला, त्यामुळे चार रंगीत प्रती काढून ठेवल्या त्या बऱ्या पडल्या. शाळा सोडल्याचा दाखला मात्र सुट्टीआधी घ्यायला हवा होता. सांगलीतली शाळा बंद, क्लार्क गावाला, तो दाखला जूनमध्ये हातात आला.

घर ताब्यात घेताना काकूंसोबत फिरून प्रत्येक भिंतीचे, नळांचे, त्या दोन तड्यांचे आणि लाइट मीटरच्या आकड्याचे फोटो काढले आणि तिथेच त्यांच्या मोबाइलवर पाठवले. सगळा खर्च मिळून असा झाला: पहिलं भाडं १४ हजार, डिपॉझिट ५० हजार, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं १४ हजार, नोंदणीचे २,९००, सांगलीहून टेम्पो १६ हजार. म्हणजे ९६,९००, शिवाय बुडालेले २ हजार आणि फेऱ्यांचं तिकीट. डिपॉझिट आणि भाडं एवढंच डोक्यात धरून मी ७० हजार बाजूला ठेवले होते. बाकीच्यासाठी पतपेढीतून कर्ज काढलं.

२४ मेला सामान आलं. २६ मेला मान्सून आला, मुंबईत इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती. खोकी अजून बांधलेलीच होती. मी छत्री घेऊन खाली उतरले आणि स्टेशनपर्यंत चालून आले. गोडाऊनच्या गल्लीत घोट्याच्या वर पाणी होतं. मोठ्या रस्त्यावर कडेने वाहत होतं, साचलं नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं. तिने काही न बोलता खोकी उघडायला घेतली.

२ जूनला रुजू झाले. पुढच्याच सोमवारी, ९ जूनला, मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून माणसं पडली आणि गेली. त्या सकाळी मी त्याच मार्गावरून ऑफिसला गेले होते. आईचे सतरा मिस्ड कॉल होते. घर निवडताना मी रस्त्याचा, पाण्याचा, कागदांचा विचार केला, डब्याचा पुरेसा केला नव्हता. आता मी डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी पकडते. त्यासाठी वीस मिनिटं आधी निघावं लागतं, ऑफिसात लवकर पोचते, पण आत उभं राहायला जागा मिळते. घर बघायला जाल तेव्हा सकाळी साडेआठला त्या स्टेशनच्या फलाटावर एकदा उभं राहून बघा, तिथून सुटणाऱ्या गाड्या किती आहेत ते विचारा.

आमचा करार १४ एप्रिलला संपतोय. काकूंनी पाच टक्के वाढ सांगितली आहे, १४,७०० होतील, आणि मी हो म्हटलं आहे. परवा गॅलरीतून हाक मारून त्या म्हणाल्या, "अगं, त्या मुलाला सांग, यंदा वेळ घालवू नकोस. डावा हात, मधलं बोट."